मुकादम जेवत नाही

मी मेल्यावरही माझ्या थोरल्या जावेला रोज शिव्या बसाव्यात, म्हणून मी पोपट घेतला. आफ्रिकेतला करडा पोपट पन्नास-साठ वर्षं जगतो आणि डोक्यात बसलेला शब्द शेवटपर्यंत सोडत नाही, असं मी ऐकलं होतं. कलाक्का माझ्याहून मोठी आहे, पण तिच्या माहेरची माणसं नव्वदीच्या आत जागची हलत नाहीत. मी आधी गेले तर तिला रान मोकळं. ते मला नको होतं.

आमचं घर इचलकरंजीत. दोघा भावांचं मिळून एकच घर होतं, मागं मागाची शेड. माग भंगारात गेले, मग भावांनी घर वाटून घेतलं आणि मधोमध एका विटेची भिंत घातली. स्वयंपाकघर तिच्याकडं गेलं, रस्त्याकडची खोली माझ्याकडं आली. आम्ही दोघींनी उभा जन्म मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. मागाच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, ती सवय अंगात मुरलेली. आता गावात खडखडाट उरला नाही. शेडची गोदामं झाली, त्यांत यंत्रं आपली आपण माल लावतात. रिक्षासुद्धा आवाज न करता दारात येऊन उभी राहते. अख्ख्या गल्लीत आवाज म्हणजे आम्हा दोघींचा.

आमचे हे छातीच्या दुखण्यानं गेले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, म्हणून मी त्यांना अळणी करून घालत असे. त्यांच्या दिवसांच्या जेवणाला पंगत बसली होती. कलाक्का वाढता वाढता थांबली आणि शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अळणी घालून घालून मारलं हिनं माझ्या दिराला. तोंडाची चव गेली आणि झुरून गेला."

त्या दिवसापासून मी तिला अहो-जाहो म्हटलं नाही आणि तिचा उंबरा ओलांडला नाही. बोलणं मात्र रोज होत होतं. भिंतीतून.

कोल्हापूरला पोपट विकणाऱ्या कंपनीचं उबवणी केंद्र आहे. तिथं गेले तर तिथली पोरगी म्हणाली, "आजी, आमच्याकडं पिल्लू मिळत नाही. अंडं मिळतं."

"अंड्याशी काय बोलू मी?"

"तेच तर करायचं असतं," ती हसली.

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. पूर्वी हे पोपट आफ्रिकेच्या जंगलातून चोरून आणत. पुढं पिंजऱ्यात पैदास करू लागले, तरी हाल संपले नाहीत. हा पक्षी थव्यात राहणारा, आणि त्याची अक्कल तीन-चार वर्षांच्या पोराएवढी. माणसं हौसेनं न्यायची, कंटाळली की दुसऱ्याला द्यायची. या घरातून त्या घरात फिरता फिरता पोपट स्वतःची पिसं उपटायचा, छाती उघडी पडेपर्यंत. मग शास्त्रज्ञांना एक गोष्ट सापडली. अंड्यातलं पिल्लू बाहेर यायच्या आधीच ऐकत असतं. शेवटच्या काही दिवसांत त्याच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग असा उघडा असतो, की त्या वेळी कानावर पडेल त्या आवाजाला ते आपला थवा समजतं. कंपनी कवचाला औषधाचा एक थेंब लावते. त्यानं ते दार जास्त दिवस उघडं राहतं, आणि बंद झालं की पक्कं बंद होतं. याला ते आवाज-बांधणी म्हणतात. असा बांधलेला पोपट आपल्या माणसाजवळ पिसं उपटत नाही, खूश असतो. आता कायद्यानं न बांधलेला पोपट विकताच येत नाही.

"पण बांधला की बांधला, आजी," पोरगी म्हणाली. "तुमचा आवाज गेला तर तो खाणं सोडेल. घरात आणखी कुणाचा आवाज असतो?"

"मी एकटीच असते."

"शेजारी?"

"भिंतीपलीकडं एक बाई आहे. तिला माणसात धरत नाही मी."

पोरगी परत हसली. तिला ती गंमत वाटली.

काचेच्या कपाटात तीन अंडी होती, लिंबाएवढी, पांढरी. अंड्यात निवडायचं काय, हे मला कळेना. तिनं प्रत्येकाच्या आईबापांची चित्रं पडद्यावर दाखवली. एक जोडी शांत, माणसाळलेली. दुसरी जोडी खेळकर. तिसऱ्या जोडीतली मादी पिंजऱ्याच्या गजाला चोच लावून किंचाळत होती आणि नर तिच्यावर किंचाळत होता.

"ही जरा कटकटी आहेत," पोरगी म्हणाली. "यांचं सहसा कुणी घेत नाही."

"हेच दे," मी म्हणाले.

अंडं एका पेटीत आलं. पेटी आपोआप ऊब द्यायची, अंडं फिरवायची. सोबत सूचनांची पुस्तिका होती. पेटीला धूर, फोडणीचा खकाणा, उदबत्ती लागू देऊ नये, कारण पाखराचं फुप्फुस नाजूक. तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेनं तर जीवच जातो. माझी चूल रस्त्याकडच्या खिडकीखाली, म्हणून पेटी मी तिच्यापासून लांबात लांब ठेवली, मधल्या भिंतीच्या कोनाड्यात. जागा शांत वाटली. कलाक्काचा आवाज मी आवाज म्हणून मोजतच नव्हते. पंखा फिरतो, नळ गळतो, तशी ती बोलते.

रोज अंड्याशी बोलायचं होतं. काय बोलणार? मी पुस्तिका मोठ्यानं वाचायचे, एकेक अक्षर लावत. "पिं-ज-रा रुं-द अ-सा-वा." तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"मालने! कुणाला शिकवणी लावलीयास गं? भुतं आल्यात व्हय शिकायला?"

"तुझ्यापेक्षा भुतं बरी! ऐकून तरी घेत्यात!"

"ऐकत्यात न्हवं, हसत्यात! त्यांस्नी पण अळणी घातलंस का काय?"

झालं. मी पुस्तिका खाली टाकली आणि तोंड सोडलं. तिनंही कसर ठेवली नाही. तिनं माझ्या माहेराचा उद्धार केला, मी तिच्या सुनेचा, जी तिच्याजवळ महिनाभरसुद्धा टिकली नाही. भांडण संपलं तेव्हा माझा घसा बसला होता आणि मला भूक लागली होती. पेटी बिघडली तर नाही ना, म्हणून बघितलं. आत अंडं हळूच हललं. मला बरं वाटलं. माझा आवाज ओळखतंय, असं वाटलं.

असं रोज झालं. वाचन थोडं आणि भांडण फार.

कवचाला चीर पडली तशी कंपनीची गाडी येऊन अंडं घेऊन गेली. पिल्लाला चमच्यानं भरवणं नाजूक काम, ते केंद्रातच करतात. मी अधूनमधून जायचे. पिल्लू आधी गुलाबी, मग कापसासारखं, मग करडं झालं. शेपटी लालभडक. माझ्या हातावर बसायचं, पण मान वळवून कशाची तरी वाट बघितल्यासारखं करायचं. "घरी गेला की खुलेल," तिथली माणसं म्हणायची.

घरी आला तेव्हा मी त्याचं नाव मुकादम ठेवलं. आमच्या कारखान्यातला मुकादम असाच करड्या सदऱ्यात, मान वाकडी करून, बायकांकडं एका डोळ्यानं बघायचा. हा मुकादम दिवसभर दांडीवर गप्प बसला. हरभरा भिजवून दिला, नाही खाल्ला. गाजर दिलं, टाकून दिलं. संध्याकाळी भिंतीपलीकडं भांडं आपटलं आणि कलाक्का ओरडली, "मालने, तुझ्या दारातला कचरा माझ्याकडं उडतोय!"

"उडू दे! जातीला जात मिळतीय!" मी म्हणाले.

मुकादमानं अंगावरची सगळी पिसं फुलवली. मान वर केली, शेपटी पसरली आणि घर दणाणेल असा ओरडला. मग उतरून हरभऱ्यावर तुटून पडला.

मी टाळी वाजवली. जन्मात पहिल्यांदा त्या भांडणात माझ्या बाजूनं कुणीतरी ओरडलं होतं. धैर्यशीलला, म्हणजे माझ्या पुण्याच्या मुलाला, मी फोनवर सांगितलं, "पाखरू नाही ते, माझा वकील आहे."

"आई, तू अजून त्यांच्याशी भांडतेस?" तो म्हणाला.

"तू पोपटाचं ऐक. तुझ्यापेक्षा तो लवकर माझ्या बाजूला आला."

मी त्याचं सगळं मन लावून केलं. पिंजरा रुंद घेतला आणि दिवसाचा बराच वेळ उघडा ठेवला. शेवग्याच्या शेंगा, राजगिरा, मोड आलेले मूग, अधूनमधून डाळिंबाचा दाणा. हाडं बळकट राहावीत म्हणून सकाळच्या उन्हात बसवणं. अंगावरून पिठासारखी पांढरी पूड झडते, म्हणून फवाऱ्यानं अंघोळ. चोचीला सतत काहीतरी फोडायला लागतं. माळ्यावर जुन्या लाकडी कांड्या होत्या, त्या दिल्या. ज्या कांड्या भरता भरता माझी बोटं वाकडी झाली, त्या मुकादमानं एकेक करून भुगा केल्या. बघायला बरं वाटायचं.

मी त्याला शिव्याही शिकवत होते. "कला सटवी" एवढं आधी. पिंजऱ्याजवळ बसून रोज म्हणायचे. तो डोळा बारीक करून ऐकायचा आणि काही म्हणायचा नाही.

वर्ष होत आलं तेव्हा तो बोलला. मी भाकरी थापत होते. मागून कलाक्काचा आवाज आला, "मालनेऽ, मुडदा बशिवला तुझा!" पण भिंतीतून नाही. खोलीतून. मी दचकून वळले तर मुकादम कोनाड्याशी भिंतीला चिकटून बसला होता आणि तिच्याच आवाजात मला हाका मारत होता. पलीकडून खरी कलाक्का म्हणाली, "कोण गं ते?" आणि हा आनंदानं अंग हलवत परत म्हणाला, "मालनेऽ!"

माझ्या हातातली भाकरी खाली पडली. माझा वकील तिच्या तोंडानं बोलत होता.

कंपनीच्या डॉक्टर आल्या, नाझनीन मुजावर. तरुण, शांत बाई. त्यांनी मुकादमाच्या डोक्यावर बोंडाएवढं यंत्र टेकवलं आणि फोनवर उमटणाऱ्या रेषा बघत मला बोलायला सांगितलं. मी बोलले. रेषा थोडी हलली. त्यांनी कुठल्याशा परक्या बाईचा आवाज लावला. रेषा सपाट. एवढ्यात पलीकडं कलाक्का मांजराला शिव्या देऊ लागली. रेषा उभी उठली.

"आजी, अंडं घरी होतं तेव्हा या बाई अशाच बोलायच्या?"

"ती कधी गप्प बसते?"

"आणि तुम्ही उत्तर द्यायचात?"

"मग? ऐकून घेऊ?"

त्यांनी यंत्र काढलं. "अंड्यातल्या पिल्लाला नुसता आवाज पुरत नाही. जंगलात घरट्याजवळ नर हाक देतो, मादी उत्तर देते. ज्या आवाजाला उत्तर मिळतं आणि जो उत्तर देतो, तोच थवा, असं त्याचा मेंदू शिकतो. तुम्ही वाचून दाखवलंत ते त्याच्यासाठी वाऱ्यासारखं. पण तुम्ही दोघी भांडलात, ती हाक आणि उत्तर होतं. त्याचा थवा तुम्ही दोघी मिळून आहात."

"दोघी?" माझा आवाज चढला. "ती माझी वैरीण आहे!"

"त्याला वैर कळत नाही. तुमचं भांडण म्हणजे त्याला घरट्यातली किलबिल. तो जेवतो कधी, बघितलंत का?"

बघितलं होतं. भांडताना.

"मग आता ती मेली तर?" मी ओरडले. "किंवा बोलायची थांबली तर? माझा पोपट उपाशी मरायचा? त्या बाईच्या तोंडावर माझ्या पाखराचा जीव?"

"हळू, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

पण हळू बोलणं मला कधी आलंच नाही. पलीकडं मांजराला चाललेल्या शिव्या थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक आली नाही. मी म्हटलं, झोपली असेल. मग भांडी वाजली, पण अलगद. ती मांजरावरसुद्धा ओरडली नाही. दुपारी शेजारच्या तारूबाईनं दारातून विचारलं, "काय वो मालनबाई, मिटलं काय तुमचं? गल्ली कशी देवळासारखी वाटतीया."

मला सगळं कळलं. कलाक्कानं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत मला कुठं मारायचं ते तिला सापडलं नव्हतं, ते मीच ओरडून सांगितलं होतं.

मुकादम भिंतीशी बसून तिच्या आवाजात "मालनेऽ" म्हणायचा, मान कलती करून वाट बघायचा, परत म्हणायचा. मग माझ्या आवाजात उत्तर द्यायचा. एकटाच दोघींचं भांडण भांडायचा. आणि थांबायचा. हरभरा तसाच. शेवग्याची शेंग तशीच. मी त्याला कुशीत घेतलं, गाणी म्हटली, हातानं भरवलं. तो तोंडात धरून खाली टाकायचा.

पिंजऱ्याच्या तळाला करडी पिसं दिसू लागली. तो छातीवरचं एकेक पीस चोचीत धरायचा, ओढायचा आणि शांतपणे खाली सोडायचा. खालची कातडी सोललेल्या कोंबडीसारखी दिसू लागली.

धैर्यशीलनं पुण्याहून काहीतरी पाठवलं. कलाक्काचे जुने व्हिडिओ कुणाकुणाच्या लग्नातले होते, त्यावरून यंत्रानं तिचा आवाज हुबेहूब केला होता. मी लावलं. "मालने, भवाने," यंत्र म्हणालं. मुकादम धावत आला, उत्तर दिलं, पुढची हाक दिली. यंत्र परत म्हणालं, "मालने, भवाने." त्यानं यंत्राकडं एकदा बघितलं आणि पाठ फिरवून बसला.

"ते उत्तर देतं गं आई, थोडं शिकायला वेळ दे त्याला," धैर्यशील म्हणाला.

"वेळ कुणाकडं आहे? याच्या छातीचं हाड दिसायला लागलंय."

मग मी भिंतीला तोंड लावून ओरडले. सगळ्या ठेवणीतल्या शिव्या काढल्या. तिच्या पायाचं वाकडेपण काढलं, तिचं पोरगं तिला विचारेनासं झालं ते काढलं, तिच्या लग्नात रुखवत उसना आणला होता ते काढलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकत होती. पलीकडं चुलीवर काहीतरी रटरटत होतं. बांगड्या वाजल्या. झाकण ठेवल्याचा आवाज आला. एवढंच. ती भिंतीच्या पलीकडं उभी राहून ऐकत होती आणि हसत होती, हे मला विटेतून दिसत होतं.

मुजावर डॉक्टर परत आल्या. नळीनं पोटात पातळ खाणं सोडलं. "असं किती दिवस करणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांना जाऊन सांगा ना."

"काय सांगू? शिव्या दे म्हणून?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

त्या गेल्यावर मी मुकादमाला लहान पिंजऱ्यात घातलं, वर पदर टाकला आणि रस्त्यानं वळसा घालून तिच्या दारात गेले. दार उघडंच होतं. कलाक्का पाटावर बसून जेवत होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. आवाज रोज ऐकत होते, पण तिचं तोंड मी किती वर्षांत बघितलं नव्हतं.

तिनं घास थांबवला नाही. बस म्हणाली नाही. मी उभी राहिले.

"अक्का," मी म्हणाले, "हे पाखरू मरतंय. तुम्ही बोला."

तिनं भुवया वर केल्या. मी अहो म्हटलं, ते तिला कळलं. घास चावून झाला, पाणी पिऊन झालं, मग ती अगदी हळू म्हणाली. इतकं हळू बोलता येतं तिला, हे मला माहीत नव्हतं.

"लईच गरज पडलीया म्हण की."

मुकादमानं पदराखाली हालचाल केली. मी पदर काढला. तो गज धरून तिच्याकडं सरकला.

"बोलते," ती तशीच हळू म्हणाली. "पर आधी तू बोलायचं. नवऱ्याला अळणी घालून मी मारलं, असं म्हण. माझ्यासमोर म्हण. बाहेर तारूबाई हाय, तिला ऐकू जाऊ दे."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. आजचं नाही, आमचे हे गेले तेव्हापासूनचं. ते रोज दुपारी पाय मोकळे करायला जातो म्हणून निघायचे आणि कलाक्काच्या दारात शिरायचे. परत यायचे तेव्हा मिशीला लोणच्याचा खार, बोटांना ठेच्याचा वास. एकदा सदरा धुताना खिशात खारवलेली मिरची सापडली. लेकरासारखा वाढवलेला दीर अळणी खातो, हे हिला बघवत नव्हतं. हिनं त्याला मीठ घातलं. मायेनं घातलं. आणि तो गेल्यावर पंगतीत उभी राहून माझ्यावर ढकललं. मी तेव्हा बोलले नाही. म्हटलं, ठेवावं. हे एकच वाक्य तिचं तोंड कायमचं बंद करील. ती मरणाला टेकेल तेव्हा कानाशी जाऊन सांगीन, असं मी ठरवलं होतं.

तेच आज नडत होतं. हिचं तोंड बंद झालं, तर मुकादमाचं पण झालं.

मुकादमानं गजातून चोच बाहेर काढली आणि तिच्याच आवाजात, घोगरं, बारीक म्हणाला, "मालने."

मी दाराकडं तोंड केलं आणि मागाच्या आवाजात ओरडले, "होय! मी मारलं! अळणी घालून घालून मारलं! ऐकलंस का गं तारूबाई?"

बाहेर तारूबाईची बादली पडली.

मला वाटलं होतं कलाक्का हसेल. ती ताडकन उठली. तिच्या ताटाला पाय लागला.

"सटवे!" ती किंचाळली. "एका पाखरासाठी कबूल करतीस? माणूस गेला तवा तुझं तोंड शिवलं हुतं व्हय? तवा एक शब्द बोलली न्हाईस! उभी ऱ्हायलीस नुसती खांबासारखी! आणि आज ह्या करड्या कोंबड्यासाठी..."

"कोंबडं कुणाला म्हणतीस, टवळे!"

"तुला! तुला म्हणते! तुला आणि तुझ्या त्या..."

मुकादमानं पिसं फुलवली. उघडी पडलेली छाती पुढं काढली, शेपटी पसरली आणि आम्हा दोघींच्या वरताण ओरडला. मी पिंजऱ्याचं दार उघडलं. तो लटपटत खाली उतरला आणि फरशीवरून चालत कलाक्काच्या ताटाकडं निघाला.

कलाक्का शिव्या देता देता खाली बसली. बोलणं थांबलं नव्हतं, माझ्या बापाच्या मागच्या पिढीवर गेलं होतं. बोलता बोलताच तिनं ताटातल्या उसळीतला एक हरभरा चिमटीत धरला आणि त्याच्यापुढं केला. त्यानं चोच उघडली.

"थांब!" मी म्हणाले. "मीठ आहे त्यात. त्याला मीठ चालत नाही. मरेल."

मी ते पोपटासाठीच म्हणाले. शप्पथ. पोपटाच्या शरीराला मीठ झेपत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कलाक्काचा हात तिथंच थांबला. ती माझ्याकडं बघू लागली. तिच्या डोळ्यांत आधी राग होता, मग काहीतरी दुसरं आलं, आणि मला कळलं की तिलाही कळलं. मला ठाऊक आहे, आणि पहिल्यापासून ठाऊक होतं, हे तिला कळलं.

घर गप्प झालं. मुकादम चोच उघडी ठेवून उभा होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्याची पिसं हळूहळू खाली बसू लागली. मला वाटलं, संपलं. जे वाक्य मी गिळलं होतं ते न बोलताच बाहेर पडलं. आता ही बाई जन्मात तोंड उघडायची नाही आणि मीच माझ्या हातानं पाखरू मारलं.

कलाक्का उठली. तिनं ताटातले हरभरे निवडून वाटीत काढले. वाटीत पाणी ओतलं, बोटांनी चोळलं, पाणी फेकलं. परत ओतलं, परत चोळलं. एक हरभरा स्वतःच्या जिभेवर ठेवून बघितला आणि परत धुतले. माझ्याकडं पाठ होती. तिचे खांदे हलत होते. कशानं, ते मी बघायला गेले नाही.

मग ती येऊन त्याच्यासमोर बसली आणि वाटी पुढं केली. त्यानं वाटीकडं बघितलं, पण खाल्लं नाही.

"बाजारबसवे," ती म्हणाली. आवाज चिरका होता, जेमतेम निघत होता. "कुणी सांगितलं हुतं तुला अंडं आणायला. म्हातारपणी कोंबड्या उबवतीया."

मुकादमानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. उत्तर माझ्याकडून यायचं होतं.

मी तिच्या समोर फरशीवर बसकण मारली.

"मोठ्यानं बोल," मी म्हणाले. "एवढ्या हळू आवाजात तो जेवत नाही."